विद्यार्थी संघटना, पर्यावरण आणि झाडूचा प्रश्न

विद्यापीठांच्या आवारात अलीकडे पर्यावरण हा शब्द फार ऐकू येतो. वृक्षारोपण होते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, हातात झाडू घेऊन छायाचित्रे काढली जातात. तासाभरासाठी हौसेने घेतलेल्या झाडूला सन्मान मिळतो आणि जन्मभर हाती दिलेल्या झाडूला हीनता चिकटते, ही विसंगती मात्र कोणाला खटकत नाही. दुसरीकडे आपल्या चळवळीतले अनेक तरुण मित्र हा विषयच झटकून टाकतात. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, वसतिगृहात जागा नाही. मग झाडापानांची चिंता पोट भरलेल्यांनी करावी, असे ते म्हणतात. त्यांचा संताप मला समजतो. त्यांचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

मी एका महाविद्यालयात शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी १४ एप्रिलच्या निमित्ताने श्रमप्रतिष्ठेवर परिसंवाद घेतला. भाषणे चांगली झाली, जेवणे झाली, सर्व पांगले. विसरलेली पिशवी घ्यायला मी परत मंडपात गेलो, तेव्हा सफाईचे काम करणाऱ्या मावशी वरणभाताने बरबटलेल्या ताटल्यांच्या ढिगातून पाण्याच्या बाटल्या उघड्या हातांनी निवडत होत्या. "पोरं चांगली बोलली, सर," त्या म्हणाल्या. "पन बाटल्या तेवढ्या येगळ्या ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं. आता समदं वरनात." आयोजकांत मीही होतो. माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून मला असे वाटत आले आहे की, विद्यार्थी संघटनेच्या पर्यावरणविषयक कार्यक्रमाचा पहिला प्रश्न एकच आहे: आपण टाकलेली वस्तू कोणाच्या हातात जाते?

या देशात कचरा ही केवळ नगरपालिकेची बाब कधीच नव्हती. कोणी घाण करावी आणि कोणी ती उचलावी, हे येथे जन्माने ठरले. जात नुसती कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून वर-खाली रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सप्रमाण मांडले. पाणी, जमीन आणि हवा यांचेही तसेच आहे. महाडचे चवदार तळे कागदोपत्री सर्वांना खुले झाले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी त्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. निसर्गाच्या देणगीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न या भूमीत आपल्याच चळवळीने इतक्या उघडपणे उभा केला. मुंबईत देवनारला कचरा टाकणे सुरू झाले तेही १९२७ सालीच. त्या कचऱ्याला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा धूर पहिल्यांदा शेजारच्या वस्त्यांतील गरिबांच्या छातीत गेला. पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय असता, तर त्याची किंमत उपाशी माणसांनी का मोजली असती?

आता कचऱ्याचे गणित समजून घेऊ. कोरडा कागद, बाटली, पुठ्ठा यांना भंगारात भाव असतो. त्यांवर आमटी सांडली की कागदाचा भाव जातो आणि बाटली धुण्याचे काम वाढते. उष्ट्याचेही तसेच. ते वेगळे राहिले तर त्याचे खत होते. प्लास्टिकसह ढिगाखाली हवेविना कुजले तर त्यातून मिथेन निघतो आणि तोच वायू कचराभूमीच्या आगींना खाद्य पुरवतो. म्हणजे ओले आणि सुके एकत्र करण्याच्या एका कृतीत दोन नुकसाने होतात: निसर्गाची हानी होते आणि वेचणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. ही कृती टाळायला पैसा लागत नाही, दोन वेगळे डबे आणि थोडी लाज लागते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली आणि शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम घेणाऱ्या आयोजकांनाही त्यात गोवले. आपल्या सभा-संमेलनांत हे कितीदा पाळले गेले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

यातून मार्ग निघतो, हे पुण्यात दिसले आहे. आणि त्याची सुरुवात एका विद्यापीठाशी जोडलेली आहे, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कचरावेचक स्त्रियांशी संबंध आला. अक्षरांइतकीच त्यांची गरज होती ती स्वच्छ, वेगळा केलेला माल थेट दारातून मिळण्याची. यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली आणि २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत या स्त्रिया पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. उकिरड्यावर वाकणारी बाई दारात उभी राहून आपल्या कामाचा मोबदला मागू लागली. पर्यावरणाचे काम आणि माणुसकीचे काम येथे वेगळे राहिले नाही.

विद्यार्थी संघटनेने काय करावे? १९९४ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांत थेट निवडणुका बंद पडल्या; २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली. पण पुढील कामांसाठी निवडून येण्याची वाट पाहावी लागत नाही.

पहिले काम, स्वतःची घाण स्वतः मोजणे. एका कार्यक्रमानंतर काय काय उरले, ते हातमोजे घालून कार्यकर्त्यांनीच वेगळे करावे आणि तोलावे. हा अनुभव एकदा घेतलेला कार्यकर्ता पुन्हा बाटल्यांची खोकी मागवणार नाही.

दुसरे, फ्लेक्स बंद करणे. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले कापड. ते कुजत नाही आणि जाळले तर क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो. तारीख न घातलेला कापडी फलक वर्षानुवर्षे चालतो. शिवाय पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांची गर्दी कमी होईल, हा लाभ वेगळाच.

तिसरे, खानावळ. पाण्याची टाकी, स्टीलचे पेले, धुण्याच्या ताटल्या. उष्टे आणि आवारातील वाळलेला पाला यांचे खत. पण ताटल्या धुण्याचे काम पुन्हा त्याच मावशींच्या माथी मारले, तर आपण काहीच बदलले नाही. ज्याने खाल्ले त्याने धुवावे. ज्या घरांत मुलग्यांनी ताट उचलायचे नसते, त्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा स्वतंत्र अभ्यासक्रमच ठरेल.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, सफाईचे कंत्राट. आवार स्वच्छ ठेवणाऱ्यांना किमान वेतन मिळते काय, हातमोजे-बूट मिळतात काय, हात धुवायला साबण आणि बसायला सावली आहे काय, हे संघटनेने लेखी विचारावे. वसतिगृहाची शौचटाकी उपसायची वेळ येते तेव्हा तेथे हजर राहावे. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड माणसाला काही श्वासांत बेशुद्ध करतो. संरक्षक साधनांविना माणूस आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसे मरत राहिली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली. आपल्या आवारात यंत्राशिवाय टाकी उपसली जाणार नाही, हा ठराव वृक्षारोपणाच्या ठरावाआधी व्हावा.

आपल्या परंपरेला हे परके नाही. महापरिनिर्वाणदिनी हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणण्याचे आवाहन कार्यकर्त्यांनी केले, तेव्हा कोमेजून जाणाऱ्या फुलांच्या जागी कोणा पोराचे शिक्षण आले. अभिवादन कमी झाले नाही, उलट त्याला अर्थ आला.

यंदा आमच्या विद्यार्थ्यांनी परिसंवादाच्या तयारीच्या बैठकीला मावशींना बोलावले आणि कोणती वस्तू कोठे ठेवायची ते त्यांच्याकडून समजून घेतले. डबे तीन ठेवले, बाटल्या मागवल्या नाहीत. कार्यक्रम संपल्यावर मुलांनी मंडप झाडला. काहींना झाडू नीट धरता येत नव्हता. मावशी खुर्चीवर बसून त्यांना कसे झाडायचे ते सांगत होत्या.