थर मोजणारी नजर

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी.ची मुलं ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटमधला कार्बनचा एकेरी थर, काढतात ते साध्या चिकटपट्टीने. ग्रॅफाइटची चकचकीत कपची पट्टीवर ठेवायची, पट्टी दुमडायची, उघडायची, पुन्हा दुमडायची. चकाकी जाऊन करडा डाग पसरला की पट्टी सिलिकॉनच्या चिपवर दाबायची आणि अगदी सावकाश सोलायची. मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कोन्स्तांतिन नोव्होसेलोव्ह यांनी 2004 मध्ये हेच केलं. 2010 चं नोबेल त्यांना त्याबद्दलच मिळालं.

खरं काम सूक्ष्मदर्शकाखाली. चिपवर सुमारे 300 नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड असतो, म्हणून ती जांभळी दिसते. जाड तुकडे त्यावर पिवळट, त्याहून पातळ ते निळे. एका थराचा तुकडा म्हणजे जांभळ्यावर जरा गडद जांभळी छटा, बस्स. नवा विद्यार्थी तिच्यावरून सरळ पुढे सरकतो. मी त्याला मागे आणतो आणि काही सांगत नाही. ती छटा त्याची त्यालाच दिसली पाहिजे. ऑक्साइडची जाडी थोडी चुकली तर मात्र सरावलेल्या डोळ्यालाही ती सापडत नाही.

अधांतरी धरलेला एक थर दृश्य प्रकाशातला 2.3 टक्के भाग शोषतो, रंग लाल असो की हिरवा. दोन थर साधारण दुप्पट. फळ्यावर पाय लिहायचा, फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंटने, म्हणजे सुमारे 1/137 ने गुणायचं: 0.023. त्यात कार्बनचं काहीच येत नाही. भौतिकशास्त्रात याहून सुंदर आकडा मला माहीत नाही.

थर किती, यावर विजेचं वागणंही ठरतं. एका थरात ऊर्जेची फट नसते, त्यामुळे प्रवाह पुरता बंद करता येत नाही. दोन थरांवर लंब दिशेने विद्युतक्षेत्र लावलं की फट उघडते. आणि मच्छरदाणीचे दोन पदर तिरपे आले की मोठी नक्षी उमटते, तसे दोन थर 1.1 अंशाने फिरवले, तर उणे 271 अंश सेल्सिअसच्या आसपास ते अतिवाहक होतात. हे 2018 मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये दिसलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट अशाच फिरवलेल्या थरांवर काम करतो.

तेवढी थंडी निर्माण करणारी यंत्रं आमच्याकडे नाहीत. पण त्या प्रयोगांचीही सुरुवात चांगला तुकडा हुडकण्यापासूनच होते, आणि ते इथे शिकता येतं. तुकडा सापडला की मुलं चिपचा कोपरा, तिथून अंतर आणि तुकड्याचा आकार वहीत काढून ठेवतात. थरांचा अंदाज शेजारी लिहितात, मग तो पडताळायला, रामन वर्णपटासाठी, चिप मोठ्या प्रयोगशाळेत जाते.