पाठीवरचा शिक्का

जुनी जपानी गिटार हातात आली की पहिली नजर माथ्यावरच्या नावाकडे जाते, आणि फसगत होते ती तिथेच. साठ-सत्तरच्या दशकांत जपानात एकाच कारखान्यातून निरनिराळ्या नावांच्या गिटारी बाहेर पडत. मात्सुमोतो शहरातल्या फुजिगेन गाक्कीत आयबानेझही बनायची आणि ग्रेकोही. त्याच शहरातली मात्सुमोकू ही कंपनी मुळात शिलाई मशीनची लाकडी कपाटं करणारी; पुढे तिने आरिया बनवली, वेस्टोन बनवली, अमेरिकेच्या एपिफोनचं कामही घेतलं. तेइस्कोच्या गिटारी तर अमेरिकेत सिअर्सच्या दुकानातून सिल्व्हरटोन या नावाने विकल्या जात. म्हणून माथ्यावरचं नाव पुसलेलं असलं तरी मी फारसा हळहळत नाही. स्क्रू काढायचे, पिकअप हलकेच वर उचलायचा आणि उलटा करून पाहायचा.

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. जाडी साधारण ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे केसाइतकीच, आणि वेढे काही हजार. वर गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि या वेढ्यांत वीज उमटते. असे दोन कॉईल उलटसुलट जोडले की बाहेरून येणारी गुणगुण आपसांत कटते; हा हंबकर गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली तयार केला. सत्तरच्या दशकातल्या जपानी कारागिरांसमोर नमुना होता तो याचाच.

सध्या माझ्या मेजावर सत्तरच्या दशकाच्या मध्यातली एक आयबानेझ आहे. तिच्या पिकअपच्या पाठीवर धातूची पट्टी, आणि पट्टीवर शाईने उमटवलेला आकडा, थोडा फिकटलेला. हा मॅक्सनचा सुपर ७०. मॅक्सन हे निशिन ओन्पा या कंपनीचं व्यापारी नाव. आयबानेझचा गाजलेला ट्यूब स्क्रीमर पेडल त्या काळी बनवणारीही तीच. हा शिक्का स्पिरिटने पुसून पट्टी 'स्वच्छ' करणारे लोक मी पाहिले आहेत. ते पाहून जिवाला चटका बसतो. त्या गिटारीचा जन्मदाखलाच पुसला जातो हो!

शिक्का नसेल तर स्क्रू बोलतात. गिब्सनच्या हंबकरमध्ये तारेखाली जे सहा उभे स्क्रू असतात ते इंची मापाचे, जाडी सुमारे ३.१७ मिलिमीटर. जपानी पिकअपमध्ये ते ३ मिलिमीटरचे, मेट्रिक आट्याचे. एक स्क्रू फिरवून बाहेर काढला की पिकअप कोणत्या देशातला आहे याचा अंदाज येतो. चुंबकाची परीक्षाही सोपी. मल्टिमीटर 'बीप'वर ठेवून दोन्ही टोकं चुंबकाच्या उघड्या कडेला लावायची. बीप वाजली तर अल्निको, कारण तो धातू आहे. नाही वाजली तर काळा सिरॅमिक, त्यातून वीज जात नाही. मेजावरच्या या सुपर ७०ने बीप दिली.

लोक मात्र सगळी तुलना किलो-ओहमवर करतात. आकडा मोठा तो पिकअप दमदार, असं मानतात. हे खरं नाही. वेढे तेवढेच ठेवून नुसती बारीक तार वापरली तरी ओहम वाढतात, आवाज मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय तांब्याचा रोध एका अंश सेल्सियसला जवळपास ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ८ किलो-ओहम दाखवणारा पिकअप पुण्याच्या एप्रिलमध्ये, ३८ अंशांना, साडेआठच्या वर दाखवेल. तापमान न लिहिता नुसते ओहम लिहिले तर दोन पिकअपांची तुलना कशी करणार?

अमेरिकी गिटारींच्या अशा जपानी नकलांना सर्रास 'लॉसूट', म्हणजे खटल्यातल्या गिटारी, म्हटलं जातं, त्याचंही सांगायला हवं. गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, १९७७ साली आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्गरवर, दावा लावला तो माथ्याच्या आकारावरून. पिकअपशी त्याचा काही संबंध नव्हता.

आणि सगळंच काही नक्कल नव्हतं. माझा जीव जडलाय तो तेइस्कोच्या 'गोल्ड फॉईल'वर. १९६५ साली व्हेंचर्सच्या दौऱ्यानंतर जपानभर 'एलेकी'चं, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं, वेड पसरलं, त्या काळातला हा स्वस्त पिकअप. उथळ डबी, वर नक्षीदार कापलेलं झाकण, कापातून चमकणारा सोनेरी वर्ख. आत चुंबक कसला, तर रबरात मळलेला, फ्रिजच्या दाराला लागतो त्या जातीचा. हे चुंबक सौम्य. तारेला फार खेचत नाही, सूर रेंगाळतो. झाकणावर नख वाजवलं तरी ते स्पीकरमधून ऐकू येतं. विश्वमोहन भट्टांबरोबर वाजवलेला राय कूडर आपल्याला माहीत आहे. त्याने आपल्या स्ट्रॅटोकास्टरच्या मानेजवळ हाच तेइस्कोचा पिकअप बसवला, आणि एकेकाळी कवडीमोलाने गेलेल्या गिटारी लोक शोधू लागले. अमेरिकेच्या डीआर्मंडचाही गोल्ड फॉईल असतो. वर्ख सारखा, पण आतली बांधणी अगदी वेगळी. विकत घेताना झाकणावर भुलू नये.

गिटारच कशाला, जपानचं दुसरं एक तंतुवाद्यही पिकअप लावून आपल्या गल्लीत कधीचंच आलंय, हे लिहिताना मला फार आनंद होतो. गोरो मोरिता याने १९१२ साली नागोयात ताइशोगोतो बनवलं, तेच हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं. लालबाग-गिरगावच्या गणपतीत बटणं दाबून वाजवतात तो 'बेंजो' हेच वाद्य.

मेजावरच्या आयबानेझचे डाख कुणी हलवलेले नाहीत. मूळ कारागिराने दिलेले, थोडे काळवंडलेले, पण घट्ट. तिथे मी हात लावला नाही. शिक्क्याचा फोटो काढला, ओहम लिहिले, शेजारी खोलीचं तापमान लिहिलं, आणि स्क्रू पुन्हा ज्याच्या त्याच्या भोकात बसवले.