‘काळजी करू नकोस, बाळावर परिणाम होईल’

करोनाच्या काळात दिवस गेलेल्या बाईला घरातलं प्रत्येक जण हेच सांगत होतं. सांगण्यात माया होती, पण त्यामागची समजूत चुकीची होती आणि त्या समजुतीने भीती दुप्पट झाली. आधी आजाराची भीती, मग आपण घाबरलो म्हणून बाळाचं काही बिघडेल ही भीती. रात्री दोनला उठून ऑक्सिमीटरमध्ये बोट घालायचं, 98 आकडा दिसला तरी पाच मिनिटांनी पुन्हा घालायचं, आणि वर स्वतःलाच दोष द्यायचा. याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं अन्यायाचं आहे. एप्रिल-मे 2020 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी 900 गर्भवती आणि नवमातांना ऑनलाइन प्रश्न विचारले. महासाथीपूर्वी मध्यम ते तीव्र चिंता होती असं 29 टक्के जणींनी सांगितलं, महासाथीत तेच प्रमाण 72 टक्के झालं. स्वतःहून पुढे आलेल्यांची ही पाहणी असल्याने आकडे थोडे फुगलेले असू शकतात, पण एवढी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. आपल्याकडे तर भीतीला आधारही होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासात, करोना झालेल्या गर्भवती आणि बाळंतिणींमध्ये लक्षणं दिसलेल्यांचं प्रमाण पहिल्या लाटेतल्या 14.2 टक्क्यांवरून दुसऱ्या लाटेत 28.7 टक्क्यांवर गेलं, आणि मृत्यूचं प्रमाण 0.7 वरून 5.7 टक्क्यांवर.

मग आईच्या काळजीने बाळाला खरंच इजा होते का? रोजच्या काळजीने, रडू आल्याने, एखादी रात्र जागून काढल्याने बाळ बिघडतं, याला पुरावा नाही. ताणाच्या वेळी आईच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं हे खरं, पण त्यातल्या बऱ्याचशा भागाला वारेतलं एक एन्झाइम बाळापर्यंत पोचण्याआधीच निष्प्रभ करतं. महिनोन् महिने टिकणाऱ्या, उपचार न झालेल्या तीव्र चिंतेचा मात्र अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी आणि कमी वजनाशी संबंध आढळला आहे. तो धोका काहीसा वाढल्याचा संबंध आहे, ठरलेलं भविष्य नव्हे. शिवाय त्यावरचा उपाय ‘आनंदी राहा’ ही आज्ञा नाही, उपचार हा आहे. आज्ञेने एवढंच होतं की बाई बोलायची थांबते.

यावर कुणी म्हणेल, महासाथीत सगळेच घाबरले होते, मग त्याला आजार कशाला म्हणायचं? आक्षेप रास्त आहे, आणि बहुतेकींची काळजी आजार नव्हतीच. पण दोन आठवडे उलटूनही झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घास उतरत नाही, किंवा संसर्गाच्या धास्तीने तपासणीच टाळली जाते, तेव्हा परिस्थितीकडे बोट दाखवून भागत नाही. त्यातही तपासणी टाळणं सर्वांत घातक, कारण वाढलेला रक्तदाब मोजल्याशिवाय सहसा कळत नाही, आणि बाळाची हालचाल मंदावली तर महासाथ असो वा नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. अशा चिंतेवर समुपदेशन लागू पडतं. ‘पोटुशीला मनाच्या गोळ्या चालतच नाहीत’ हाही गैरसमजच. काही गोळ्या खरोखर टाळाव्या लागतात, काही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. आधीपासून चालू असलेलं औषध मनानेच एकदम बंद केलं तर त्रास उलटू शकतो.

खरी माहिती उशिरा पोचली, याची किंमतही बायकांनीच मोजली. आईला करोना झाला तर बाळाला तिच्यापासून तोडायचं, अंगावर पाजायचं नाही, असं कितीतरी ठिकाणी मानलं गेलं. जागतिक आरोग्य संघटना मात्र मास्क लावून, हात धुऊन स्तनपान चालू ठेवा असं सांगत होती. लशीबद्दलची धास्तीही तशीच. केंद्र सरकारने 2 जुलै 2021 रोजी गर्भवतींना लस खुली केली, तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. प्रसूतीच्या वेळी आपल्या पसंतीचं माणूस जवळ असावं, आईला करोना असला तरी, हेही त्या संघटनेचं म्हणणं होतं. तरी कित्येकींनी कळा एकटीने सोसल्या. तेव्हा नसलेली एक सोय आज आहे: 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक, जिथे मराठीतही बोलता येतं. आणि घरच्यांना विचारता येण्याजोगा साधा प्रश्न तर तेव्हाही होता: रात्री झोप लागते का गं?