जिम लेब्रेक्ट : व्हीलचेअरवरून दिसलेलं जग पडद्यावर आणणारा दिग्दर्शक



दिव्यांग व्यक्तीवर निबंध लिहायला सांगितला की मुलांच्या वहीत ठरलेलं वाक्य येतं : 'नशिबाने साथ दिली नाही, पण त्यांनी जिद्द सोडली नाही.' वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. वाट नेहमी नशीबच अडवतं असं नाही. कधी जिना अडवतो, कधी अरुंद दार, तर कधी एखादा नियम. हा उरलेला अर्धा भाग जगाला दाखवणाऱ्या अमेरिकन दिग्दर्शकाची, जेम्स उर्फ जिम लेब्रेक्ट यांची, आज ओळख करून घेऊया.

बालपण

जिम यांना जन्मतःच 'स्पायना बिफिडा' होता. यात गर्भात असतानाच बाळाच्या पाठीचा कणा नीट बंद होत नाही. हे बाळ काही तासच जगेल, असं तेव्हा वाटलं होतं. पण मूल जगलं, हातांच्या बळावर घरभर फिरू लागलं. वडिलांनी त्याला एक गोष्ट शिकवली : लोक आपणहून तुझ्याजवळ येणार नाहीत, तूच पुढे होऊन ओळख करून घे. पालकहो, या शिकवणीत लाड नाहीत आणि कीवही नाही, हे लक्षात घ्या.

कॅम्प जेनेड

१९७१ च्या उन्हाळ्यात, वयाच्या १५ व्या वर्षी, जिम न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात 'कॅम्प जेनेड' या शिबिराला गेले. हे शिबिर दिव्यांग मुलांसाठी होतं. तिथे ती बेसबॉल खेळत, गाणी म्हणत, प्रेमात पडत आणि तासन् तास वाद घालत. बाहेरच्या जगात जिम वेगळे ठरत. इथे मात्र ते चारचौघांसारखेच होते.

त्याच उन्हाळ्यात 'पीपल्स व्हिडिओ थिएटर' नावाचा गट शिबिरात चित्रीकरणासाठी आला होता. त्यातला एक प्रसंग प्रत्येक शिक्षकाने पाहावा असा आहे. मुलं आपल्या आईवडिलांविषयी बोलत आहेत. एका मुलीचं बोलणं चटकन समजत नाही. पण कुणी तिचं वाक्य तोडत नाही, घाई करत नाही. सगळे थांबतात, ऐकतात. आणि विषय कोणता? तर आम्हालाही कधी कधी एकटं राहू द्या, हा!

ध्वनीचं काम

शिक्षणानंतर जिम यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली रेपर्टरी थिएटरमध्ये सुमारे दहा वर्षं ध्वनिसंयोजन केलं. पुढे 'बर्कली साउंड आर्टिस्ट्स' हा स्वतःचा स्टुडिओ काढून अनेक माहितीपटांना आवाज दिला. नाटकातल्या ध्वनीवर त्यांनी एक पुस्तकही सहलेखक म्हणून लिहिलं. पण एक गोष्ट खटकत होती. इतके माहितीपट हातांखालून जात असताना आपल्यासारख्यांचं खरं आयुष्य त्यांत फारसं दिसतच नव्हतं.

'क्रिप कॅम्प'

दिग्दर्शिका निकोल न्यूनहॅम यांच्यासोबत जिम यांनी आधी ध्वनीचं काम केलं होतं. गप्पांच्या ओघात त्यांनी शिबिराची आठवण सांगितली आणि त्यातून दोघांनी मिळून 'क्रिप कॅम्प' हा माहितीपट केला. १९७१ चं ते जुनं चित्रीकरणही शोधून काढलं. 'क्रिप' हा शब्द म्हणजे आपल्याकडच्या 'लंगड्या', 'पांगळ्या' अशा हिणवण्यासारखाच. तो या मंडळींनी आपणहून अंगावर घेतला आणि त्याची धार बोथट केली. (वर्गात सांगताना हे स्पष्ट करा. तो शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरणं वेगळं, आपण त्यांना म्हणणं वेगळं.)

शिबिरातली मुलं पुढे कुठे गेली, ही या माहितीपटाची खरी गोष्ट. त्यांच्यातल्याच ज्युडिथ ह्यूमन. पोलिओमुळे त्या व्हीलचेअर वापरत, म्हणून १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांना शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला. त्या कोर्टात गेल्या आणि शिक्षिका झाल्या. १९७३ च्या कायद्यातल्या कलम ५०४ नुसार सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना दिव्यांगांशी भेदभाव करता येणार नव्हता. पण नियमांवर सहीच होईना. तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये ह्यूमन यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक जणांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत ठिय्या दिला. फोन तोडले गेले, तर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत निरोप बाहेर पोचवले. ब्लॅक पँथर संघटनेने जेवण पुरवलं. तीन आठवड्यांनंतर, २८ एप्रिलला सही झाली.

२०२० मध्ये सनडान्स महोत्सवात 'क्रिप कॅम्प'ला प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये ऑस्करचं नामांकन. जिम तेवढ्यावर थांबले नाहीत. दिव्यांग माहितीपटकारांसाठी त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'एफडब्ल्यूडी-डॉक' ही संस्था उभी केली. आपली गोष्ट आपणच सांगायची, हा त्यामागचा आग्रह.

आपल्या शाळेसाठी

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. पण कायदा वर्गापर्यंत आपणच आणायचा असतो. खरं सांगू? एका स्नेहसंमेलनात आम्ही चौघांनी एका विद्यार्थिनीला खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेलं. टाळ्या पडल्या. आम्हालाही बरं वाटलं. ती मात्र मान खाली घालून बसली होती. 'तुला कसं यायचंय?' असं तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. 'क्रिप कॅम्प' पाहताना तीच आठवत राहिली.

म्हणून वर्गात हे तीन प्रश्न जरूर घ्या :

१. आपल्या शाळेत व्हीलचेअरवरून कुठे कुठे जाता येणार नाही? मुलांनी फिरून यादी करावी.
२. मदत करण्याआधी काय विचारावं?
३. 'नशीब' हा शब्द न वापरता दिव्यांग व्यक्तीवर दहा ओळी लिहा.

तिसरा प्रश्न आधी आपण स्वतः सोडवून बघा. वाटतो तितका सोपा नाही!