ॲप झटकून बॅटरी वाचते का?

तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या इंदुरीत पाळी बदलायच्या वेळी कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांच्या हाताकडे जरा लक्ष द्या. फोन खिशात टाकण्याआधी अंगठ्याची एक ठरलेली हालचाल होते. उघडलेल्या ॲपची रांग समोर आणायची, एकेक ॲप वर झटकायचे, नाहीतर सगळी एकदम साफ करणारे बटण दाबायचे. दिवसभर घराबाहेर राहायचे आहे, बॅटरी पुरली पाहिजे आणि रॅम मोकळी असली की फोन हँग होत नाही, असा त्यामागचा हिशेब. एके काळी हा हिशेब अगदी बरोबर होता. फक्त तो फोन वेगळा होता.

तो काळ नोकियाचा. 2003 साली आलेला 6600, नंतरचे एन70, एन73, एन95 हे सगळे सिंबियन या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत. सिंबियनचे मूळ सायऑन या ब्रिटिश कंपनीच्या खिशातल्या संगणकात होते. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या त्या यंत्रातही एका वेळी अनेक कामे सुरू राहत, आणि तोच गुण फोनमध्ये उतरला. मेनूची कळ दाबली की समोरचे ॲप मागे जाई, पण बंद होत नसे. तीच कळ थोडा वेळ दाबून धरली की चालू ॲपची यादी येई. गाणी सुरू, ब्राउझरमध्ये पान उतरते आहे आणि आपण एसएमएस लिहितो आहोत, हे सगळे एकाच वेळी जमे.

अडचण मेमरीची होती. पहिल्या एन95 मध्ये रॅम 64 मेगाबाइट, आणि तिचा मोठा वाटा सिस्टीमच खाऊन टाकी. चार ॲप मागे राहिली की मेमरी भरल्याचा, काही ॲप बंद करा असे सांगणारा संदेश झळके. मागे राहिलेले एखादे ॲप प्रोसेसरला कामाला लावून बॅटरीही संपवी. खाणावळीचे उदाहरण घ्यायचे तर जेवण झालेले गिऱ्हाईक मालकाने उठवल्याशिवाय उठत नसे, आणि मालक म्हणजे आपण. यादीत जाऊन एकेक ॲप बंद करणे हा तेव्हा खरोखर शहाणपणा होता.

ॲपलने हा कारभार वापरणाऱ्याच्या हाती दिलाच नाही. 22 ऑगस्ट 2008 रोजी आयफोन 3जी भारतात आला, 31 हजार रुपयांपासून पुढे. रॅम 128 मेगाबाइट, म्हणजे पहिल्या एन95 च्या दुप्पट. तरीही बाहेरच्या कंपनीचे ॲप एका वेळी एकच चाले. होमचे बटण दाबले की ते बंद. फोन, मेल, गाणी ही ॲपलची घरची मंडळी तेवढी मागे बसू शकत. बाहेरच्या ॲपवर रेडिओ ऐकताना एसएमएस उघडला की रेडिओ गप्प होई. निम्म्या किमतीच्या नोकियावर जे जमते ते इथे जमत नाही, म्हणून लोक हसले. मात्र हा फोन क्वचितच अडखळे, हेही त्याच लोकांना दिसत होते. जून 2010 मध्ये ॲपलने दार किलकिले केले. गाणे वाजवणे, इंटरनेटवरून बोलणे, ठिकाणाचा माग ठेवणे अशी मोजकी कामे मागे चालू राहतील आणि बाकीची ॲप मेमरीत जशीच्या तशी गोठवली जातील, असा तो नियम होता. त्याच आयफोन 3जी ला ही सोय मिळालीच नाही.

अँड्रॉइडने मधली वाट काढली. ॲप मागे गेले की बसू द्यायचे, पण जागा कमी पडली की सगळ्यांत कमी गरजेचे ॲप सिस्टीमनेच उठवायचे. उठण्यापूर्वी ॲपने आपण कुठवर आलो याची नोंद ठेवायची, म्हणजे परत उघडल्यावर तिथूनच सुरुवात होते. वापरणाऱ्याने यात काहीच करायचे नाही, असा हा मूळ विचार होता. पण आपल्याकडे 2010-11 च्या सुमारास अँड्रॉइडकडे वळलेले कितीतरी लोक नोकियावर शिकलेले. ‘टास्क किलर’ नावाची ॲप त्या काळात धडाधड उतरवली गेली. ती मागची ॲप मारत, सिस्टीम त्यातली काही पुन्हा उठवी आणि या शिवाशिवीत बॅटरी जाई. 2010 च्या आवृत्तीत गुगलने या ॲपचे अधिकार कापले. लोकांची सवय मात्र तशीच राहिली.

झटकण्याची ती खूण आली कुठून, तर पामच्या वेबओएसमधून. 2009 च्या पाम प्री फोनमध्ये प्रत्येक चालू ॲप पत्त्यासारखे समोर दिसे. बाजूला सरकवून बदलायचे, वर भिरकावून बंद करायचे. माझ्या मते त्या पिढीतली रोजच्या वापराला सर्वांत सोपी रचना हीच होती. बाजारात ती टिकली नाही (आज वेबओएस एलजीच्या टीव्हीत नांदते आहे). पण पत्त्यांची कल्पना अँड्रॉइडने 2011 मध्ये आणि आयफोनने 2013 मध्ये उचलली. उचलताना अर्थ मात्र बदलला. पामच्या पत्त्यामागे खरोखर चालू ॲप असे. आज रांगेत दिसणारे कितीतरी पत्ते म्हणजे गोठलेल्या किंवा केव्हाच बंद झालेल्या ॲपचे नुसते चित्र असते. ते झटकून वाचण्यासारखे काही नसते. शिवाय रॅमला लागणारी वीज ती भरलेली असो वा रिकामी, जवळपास तेवढीच. उलट दिवसातून वीस वेळा उघडायचे ॲप दर वेळी पहिल्यापासून चालू करायला प्रोसेसरला जास्त राबावे लागते.

बॅटरी थोडी जास्त गेली तर फार बिघडत नाही. खरी काळजी वेगळी आहे. मधुमेहात दंडावर लावायच्या सेन्सरने शर्करेचा सतत माग ठेवता येतो. तो सेन्सर ब्लूटूथने फोनमधल्या ॲपशी बोलतो आणि शर्करा फार खाली गेली की ॲप गजर करते. ते ॲप झटकले तर आयफोनवर त्याचे मागचे काम थांबते, आपण पुन्हा उघडेपर्यंत. काही अँड्रॉइड फोनमध्येही झटकणे म्हणजे ॲप सक्तीने बंद करणेच असते, आणि मग गोळीची वेळ सांगणारा गजरही वाजत नाही. रात्रपाळीला निघताना सवयीने सगळी ॲप साफ करणाऱ्या मधुमेही माणसाला हे कुणीतरी सांगायला हवे. असे ॲप रांगेत राहू द्यावे. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन त्याच्यावरचे निर्बंध काढावेत. रांगेत पत्त्यावर कुलूप लावायची सोय असेल तर तेही लावावे.

बंद करण्यासारखी ॲपही असतात. रस्ता सांगणारा नकाशा पोहोचल्यावरही चालू राहिला असेल तर तो, अडकून बसलेले एखादे ॲप, विसरलेला व्हिडिओ कॉल. सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत कोण किती खाते ते दिसते, आणि तिथे बहुधा पडद्याचा उजेडच वरच्या क्रमांकावर सापडतो. मावळात डोंगराच्या आडोशाला रेंज शोधत बसणारा फोनही बॅटरी भराभर संपवतो, कारण दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचायला त्याला जास्त जोर लावावा लागतो. अशा ठिकाणी तासभर विमान मोड लावला तर झटकण्यापेक्षा पुष्कळ जास्त वाचते. दंडावर सेन्सर असेल तर त्यानंतर ब्लूटूथ तेवढे पुन्हा चालू करावे.