रडारच्या चित्रात उंची कुठे जाते?

पावसाळ्यात मोबाइलवर फिरणारं मुंबईच्या रडारचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. मध्ये कुलाबा, भोवती २५० किलोमीटरचं वर्तुळ, त्यात हिरवे, पिवळे, लाल डाग. लाल दिसलं की आपण म्हणतो, तिथे धो धो पडतोय. तसं असेलच असं नाही. याचं कारण बऱ्याचदा चित्र काढण्याच्या पद्धतीत असतं.

रडार आकाशाचा फोटो काढत नाही. अँटेना आधी जवळजवळ आडवी, अर्ध्या अंशाच्या कोनात, पूर्ण फिरते. मग थोडी वर उचलायची, पुन्हा फेरी. अशा अनेक फेऱ्या झाल्या की एकात एक ठेवलेल्या नरसाळ्यांसारखी माहिती हातात येते. ती सपाट पडद्यावर दाखवायची कशी?

सोपा मार्ग म्हणजे एकच नरसाळं घ्यायचं आणि वरून बघायचं. याला पीपीआय म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या गोल पडद्यांपासूनची ही रीत. पण नरसाळ्याची कड वर चढत जाते, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे जमीन खाली वाकत जाते. अर्ध्या अंशाचा झोत ५० किलोमीटरवर सुमारे ६०० मीटर उंच असतो. पुण्यावर, म्हणजे साधारण १२० किलोमीटरवर, तो १.९ किलोमीटरवर पोचतो आणि काठाला जवळजवळ सहा किलोमीटरवर. म्हणजे एकाच चित्रात मध्यभागी तळमजला दिसतो आणि काठाला वरचा मजला! त्याखालचा बुटका पाऊस रडारला दिसतच नाही. मधे सह्याद्री आडवा येतो, ते वेगळंच.

दुसरा मार्ग, कॅपी. सगळ्या नरसाळ्यांमधून एका ठरावीक उंचीची चकती कापायची. मधल्या फटी अंदाजाने भरायच्या.

आपल्या हवामान विभागाच्या संकेतस्थळावरचं 'मॅक्स झेड' हे तिसरं. इथे प्रत्येक ठिकाणच्या डोक्यावरचा अख्खा उभा खांब तपासतात आणि त्यातला सर्वांत जोरदार प्रतिध्वनी तेवढा रंगवतात. तो किती उंचीवरून आला, हे नकाशात राहत नाही. आता गंमत बघा. मान्सूनमध्ये साधारण पाच किलोमीटरवर बर्फाचे कण वितळायला लागतात. ओला बर्फ रडारला मोठ्या थेंबासारखा वाटतो, त्यामुळे तिथे प्रतिध्वनी उगाचच जोरदार येतो. मॅक्स नेमका तोच उचलतो. खाली मात्र रिमझिम.

मग सरळ फिरवता येणारं त्रिमिती चित्रच का नको, असं कोणी विचारेल. करता येतं, दिसतंही छान. पण पुढचा ढग मागच्याला झाकतो, आणि कुठला ढग कुठल्या गावावर आहे हे नजरेने ठरवणं अवघड जातं. इशारा द्यायचा असतो तो तालुक्याला.

म्हणून मॅक्सच्या चित्राला वर आणि उजवीकडे दोन पट्ट्या जोडलेल्या असतात, बाजूने बघितल्यासारख्या. त्या मुद्दाम ताणलेल्या असतात, कारण ५०० किलोमीटर रुंद चित्रात १५ किलोमीटर उंच ढग म्हणजे जेमतेम तीन टक्के. उजवी पट्टी पूर्व-पश्चिम सगळं एकावर एक दाबते. अलिबागसमोर समुद्रावर एक ढग आणि साधारण त्याच अक्षांशावर पुण्याजवळ दुसरा असेल, तर तिथे दोन्ही मिळून एकच दिसतील. वरच्या पट्टीत ते वेगळे होतात. तेव्हा लाल डाग दिसला की आधी दोन्ही पट्ट्यांत त्याची रेघ शोधा. लाल रंग पार तळापर्यंत उतरला असेल तर छत्री घ्या. पाच किलोमीटरवर नुसताच आडवा पट्टा असेल, तर बहुधा तो वितळणारा बर्फ आहे.