अंगठा, साक्षीदार आणि पोच

अक्षरओळख नसलेला माणूस महिन्याची कमाई कनवटीला लावून रस्त्यावर बसलेल्या एका परक्या माणसासमोर उभा राहतो आणि म्हणतो, “लिहा भाऊ, गावाला पैसे धाडायचेत.” समोरचा कोणाचं नाव घालतो, गाव बरोबर लिहितो की नाही, आकड्यात शून्य खातो की काय, हे त्याला कधीच कळणार नसतं. तरीही तो दर महिन्याला येतो. मुंबईत हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. माणसांच्या चांगुलपणावरची मोठमोठी व्याख्यानं मी ऐकली आहेत, पण माणूस माणसावर किती विसंबू शकतो हे मला कळलं ते मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीसमोरच्या, म्हणजे जीपीओसमोरच्या, पत्रलेखनिकांमुळे.

बोरीबंदरची जीपीओची इमारत 1913 साली पुरी झाली. जॉन बेग या वास्तुविशारदाने तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बेतला. तिथे जाणाऱ्यांचे डोळे त्या घुमटाकडे लागतात. माझे समोर, कबुतरखान्याशेजारी ताडपत्री बांधून बसलेल्या लेखनिकांकडे. पुढ्यात जुनं मेज, त्यावर फॉर्मांचे गठ्ठे, डिंक, लाख, सुतळी, दाभण. पत्र लिहायचं, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा, पार्सल मांजरपाटात शिवून त्यावर लाखेचं सील करायचं, ही सगळी कामं एकाच मेजावर.

गिऱ्हाईक कोण? गोदीतले हमाल, गिरणी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया आणि कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीतल्या बायका. या शेवटच्या गिऱ्हाइकांपाशी मी नेहमी थांबतो. गावी आईवडील, कधी पाठीमागे ठेवलेलं मूल. मुलगी मुंबईत काय करते हे त्यांना ठाऊक नाही, आणि ठाऊक होऊ द्यायचंही नाही. लेखनिकाला मात्र ते कळलेलं असे. तो लिहायचा : मी बरी आहे, काम चांगलं आहे, पैसे पाठवते आहे, औषध घ्या. तिचं खरं आयुष्य आणि घरचा पत्ता या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला अख्ख्या शहरात कदाचित तो एकटाच. एक ओळ इकडची तिकडे केली असती तर तिचं गावातलं घर कायमचं तुटलं असतं. श्याम बेनेगलांच्या 2008 सालच्या ‘वेलकम टू सज्जनपूर’मधला लेखनिक पत्रांत आपल्या मनाचं घालतो आणि त्यातून सगळा घोटाळा होतो. ते चित्रपटात शोभतं. प्रत्यक्षातल्या लेखनिकाने तसं केलं असतं तर त्याचं मेज आठवडाभरही टिकलं नसतं, कारण अडाणी गिऱ्हाइकांमध्ये बातमी वर्तमानपत्रापेक्षा लवकर पसरते.

लिहून झालं की वाचून दाखवायचं, हा या मेजांवरचा रिवाज. मी पाहिलेल्या एका वृद्ध लेखनिकाने फॉर्मवरचा पत्ता सावकाश वाचला. समोरचा हमाल डोळे मिटून ऐकत होता. तालुक्याच्या नावाशी त्याने मान हलवली, वाडीच्या नावाशी हात वर केला. लेखनिकाने ते खोडलं नाही. फॉर्म फाडला आणि नवा घेतला. नोटा मोजल्या त्या हमालाने, खिडकीपाशी नेल्या त्यानेच. लेखनिकाचं बोट पैशाला लागलं नाही. विश्वास म्हणजे डोळे झाकून सगळं दुसऱ्याच्या हवाली करणं, असं आपण समजतो. मला ते पटत नाही. ज्याची त्याची हद्द दोघांनाही पक्की ठाऊक असते, तिथेच विश्वास मुरतो.

आपल्याकडे मनीऑर्डर 1880 साली सुरू झाली. टपाल खात्याचा इतिहास हवा त्याने ग्रंथालयात जावं. मला त्या फॉर्मबद्दल बोलायचं आहे. त्याचे मुख्य भाग तीन : आदेशाचा, पोचपावतीचा आणि निरोपाच्या कुपनचा. कुपनवर जेमतेम चार ओळी मावत. ‘गाभण म्हशीला जपा’, ‘धाकट्याची फी भरा’, ‘शिमग्याला येतो’. रत्नागिरी जिल्ह्याला मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणत. गिरणगावातल्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणारा माणूस पगार झाला की आधी पोस्टाची खिडकी गाठे.

दुसऱ्या टोकाला शाखा डाकघर. ते बहुधा वाण्याच्या दुकानात नाहीतर मास्तरांच्या पडवीत. पोस्टमन तिथून रोकड घेऊन निघे. खाडी, साकव, घाटी ओलांडून, खाकी पिशवीत दहा घरांचे पैसे. वाडीत पोचला की ज्या बाईच्या नावाचे पैसे तिचा अंगठा घ्यायचा, आणि अंगठा असला की साक्षीदार हवा, लिहिता-वाचता येणारा. साक्षीदार म्हणजे कोण, तर शाळेतला पोरगा, गुरव, वाटेने चाललेला कोणी शिकलेला. त्याला यातून एक पैसा मिळायचा नाही. तो सही करी आणि आपल्या वाटेने जाई. बऱ्याचदा तोच कुपन वाचून दाखवी. मग पोच उलटी मुंबईला. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आईच्या अंगठ्याचा ठसा वाचता येतो. लेखनिक, खिडकीवरचा कारकून, मधले टपाल कर्मचारी, पोस्टमन, साक्षीदार, इतक्या परक्या हातांतून पैसे सुखरूप गेले, याचा पुरावा म्हणजे शाईचा तो डाग.

यात सगळी देवमाणसं नव्हती. पैसे हातावर ठेवताना चहापाणी मागणारे पोस्टमन होते, आणि म्हातारीला एखादी नोट कमी देणारेही होते. दिवाळीची पोस्त आनंदाने द्यायची गोष्ट. मनीऑर्डरीतून कापून घेणं ही लूटच, आणि तिला दुसरा शब्द नाही. पण अशी माणसं वाडीत नावानिशी ओळखली जात आणि पुढच्या वेळी बाई मुद्दाम मास्तरांनाच साक्षीला बोलावी.

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर श्रीराम भिकाजी वेलणकरांना विसरून चालणार नाही. संस्कृतचे पंडित, संस्कृत नाटकं लिहिणारे, आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. आपल्या सहा आकडी पिनकोडचे जनक तेच. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. वडगाव नि पिंपळगाव आपल्याकडे किती, आणि पत्ता सांगणाऱ्याच्या तोंडी फक्त ‘आमचं वडगाव’! निरक्षर माणसाच्या पैशाची वाट चुकू नये म्हणून वेलणकरांनी जे केलं त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचं पुरेसं कौतुक केलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

मनीऑर्डरीसारखीच भाबडी वाटणारी पण भक्कम रीत एसटीच्या डब्यांची. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे खेड्यातल्या आया शिकायला गेलेल्या पोरांचे जेवणाचे डबे एसटीने पाठवू लागल्या. झाकणावर रंगाने नाव, कडीला फडकं. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये डब्यांची उतरंड. स्टँडवर कोणीही ओळखपत्र मागत नसे. पोरगा आपला डबा उचली आणि रिकामा ठेवी. शेजारच्या डब्यात श्रीखंड असलं तरी.

2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात परक्यांचा असाच प्रामाणिकपणा तपासणारा एक मोठा प्रयोग छापून आला. भारतासह 40 देशांतल्या 355 शहरांत 17 हजारांहून अधिक पाकिटं ‘सापडली’ म्हणून बँका, पोस्टं, हॉटेलं अशा ठिकाणी दिली गेली. रिकाम्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली पाकिटं परत करण्यासाठी मालकाशी जास्त प्रमाणात संपर्क साधला गेला. अर्थतज्ज्ञांना नवल वाटलं. कोकणातल्या पोस्टमनला वाटलं नसतं.

मनीऑर्डरींचा ओघ मात्र टिकला नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि वाड्यांवरच्या मनीऑर्डरी आटल्या. गावाकडून तांदूळ मुंबईला येऊ लागला. 2015 मध्ये जुन्या पद्धतीची मनीऑर्डर टपाल खात्याने बंद केली. आता पैसे क्षणात जातात, ही सोय मोठी आहे आणि मला ती हवीच आहे. मात्र त्या व्यवहाराचे कागद आपण झपाट्याने गमावतो आहोत. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत तारेला टोचलेल्या जुन्या पोचपावत्या, कुपनं सापडली तर रद्दीत घालू नका. घरातल्या थोरल्यांना विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवा : पैसे कोणी पाठवले, कोणत्या गिरणीतून, अंगठा कोणाचा आणि साक्षीदाराची सही कोणाची.